हॉर्न वाजतो, दिवे लागतात. मग सेल्फ का लागत नाही?

गेल्या जुलैत कोल्हापूरला मामांच्या गाडीने भर पावसात दगा दिला. किल्ली फिरवली की बॉनेटखालून नुसतं टक-टक-टक. मामा म्हणत होते, "अरे, हॉर्न वाजतोय की खणखणीत! बॅटरीला काय धाड भरलीय?" कोपऱ्यावरच्या दुकानातून आलेल्या माणसाने आवाज ऐकूनच निकाल दिला, "बॅटरी गेली साहेब, नवीन टाका." बॅटरी चांगली, म्हणजे गाडी सुरू व्हायलाच हवी, हे मामांचं गणित. गाडी सुरू होत नाही, म्हणजे बॅटरीच खराब, हे त्या माणसाचं. बॅटरी आणि गाडी यांच्यामध्ये एक सांधा असतो, तो दोघांनीही हिशेबात धरला नव्हता.

ओहमचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत: विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध. गाडीच्या बॅटरीत सुमारे २.१ व्होल्टची सहा घरं असतात, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. आता समजा, बॅटरीवरचा शिशाचा खुंट, म्हणजे टर्मिनल, आणि त्यावर आवळलेला वायरीचा क्लॅम्प यांच्यामध्ये ०.०५ ओहम इतका रोध आला. ५५ वॅटचे दोन हेडलाइट मिळून साधारण ९ अँपिअर घेतात. ९ गुणिले ०.०५ म्हणजे जेमतेम अर्धा व्होल्ट वाया गेला. दिव्यांना तो कळतही नाही, आणि हॉर्न तर याहून कमी धारेवर वाजतो.

सेल्फची, म्हणजे स्टार्टर मोटरची, गोष्ट वेगळी आहे. मोटर फिरू लागली की तिच्यात धारेला अडवणारा विरोधी विभव तयार होतो; थांबलेली असताना तो नसतो, त्यामुळे पहिल्याच क्षणी ती सर्वांत जास्त धारा मागते. छोट्या गाडीतही हा आकडा दोनशे अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.००८ ओहम आणि थांबलेल्या मोटरचा ०.०५ ओहम धरू. सांधा स्वच्छ असेल, तर सुमारे २१७ अँपिअर वाहतील. सांध्यातच आणखी ०.०५ ओहम घुसला, की धारा ११७ वर येते आणि मोटरच्या वाट्याला सहा व्होल्टही उरत नाहीत. उरलेली ताकद कुठे गेली? ११७ चा वर्ग गुणिले ०.०५, म्हणजे जवळजवळ ७०० वॅट. कपड्यांच्या इस्त्रीएवढी उष्णता त्या बोटभर क्लॅम्पमध्ये! काही वेळा सेल्फ मारल्यावर एकच क्लॅम्प कोमट लागतो, तो यामुळेच.

टक-टकचाही उलगडा इथेच होतो. सेल्फवर बसलेला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा चुंबकी स्विच, आपला संपर्क मिटवतो, मोटर धारा ओढते, विभवांतर कोसळतं, सोलेनॉइडची पकड सुटते, विभवांतर परत येतं, सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. सेकंदात कितीतरी वेळा हेच चक्र फिरतं.

पण घट्ट दिसणाऱ्या सांध्यात इतका रोध येतो कुठून? माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली डोंगर-दऱ्याच असतात, आणि ते एकमेकांना फक्त काही शिखरांवर टेकतात. सगळी धारा त्या ठिपक्यांतून जाते. एका गोल ठिपक्याचा रोध त्याच्या क्षेत्रफळाच्या नव्हे, तर व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतो. यातून एक विलक्षण गोष्ट निघते. एकूण क्षेत्रफळ तेवढंच ठेवून एका ठिपक्याचे, एकमेकांपासून दूर असे, शंभर ठिपके केले, तर रोध दहापट कमी होतो! नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी आठवा. सगळी माणसं एकाच दाराकडे वळली, की चेंगराचेंगरी दाराच्या कितीतरी आधी सुरू होते. छोटी छोटी शंभर दारं चहूकडे असतील, तर ज्याने त्याने आपल्या जवळच्या दाराने जावं. धातूतली धाराही ठिपक्यापाशी पोचण्याआधीच अशी दाटते.

शिसं मऊ असतं. क्लॅम्प आवळला की शिखरं चेपतात आणि ठिपके वाढतात. सांधा सैल झाला किंवा मध्ये क्षार साचला, की ठिपके एकेक करून मिटतात. टर्मिनलवरच्या पांढऱ्या थराला गॅरेजमध्ये 'कार्बन' म्हणतात, पण त्यात कार्बन नसतो. चार्जिंगच्या वेळी वायूच्या बुडबुड्यांबरोबर आम्लाचे तुषार बाहेर येतात, खुंटाच्या बुडातूनही आम्ल झिरपतं, आणि त्यातून लेड सल्फेट बनतं. निळसर-हिरवी झाक दिसली तर ते तांब्याचं सल्फेट. लेड सल्फेट वीज जवळजवळ वाहूच देत नाही.

हा रोध मल्टिमीटरच्या ओहम पट्टीवर मोजायला जाऊ नका, कारण मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. त्याऐवजी मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक शिशाच्या खुंटाच्या मधोमध टेकवा, दुसरं त्याच खुंटावरच्या क्लॅम्पवर, आणि गाडी न्यूट्रलमध्ये घालून, हँडब्रेक ओढून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. चांगल्या सांध्यावर आकडा शून्याच्या आसपास राहतो. ०.२ च्या वर गेला, तर संशय घ्यावा. "मामा, मारा सेल्फ," म्हटलं आणि मीटरवर ५.४ उमटलं. बारा व्होल्टमधले जवळजवळ साडेपाच त्या एवढ्याशा सांध्यात गडप!

नवी बॅटरी टाकली असती, तरी गाडी सुरू झालीच असती. कारण ती बसवताना क्लॅम्प घासला आणि आवळला जातोच. मग जुन्या, धडधाकट बॅटरीवर खापर फुटतं आणि हजारो रुपये जातात. बंपरला लिंबू-मिरची बांधल्यावर प्रवास सुखरूप झाला, म्हणून श्रेय लिंबाला देणं ही याच जातीची चूक आहे. एकापाठोपाठ घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं होत नाही.

साफ करताना आधी काळी, म्हणजे ऋण बाजू सोडवा आणि जोडताना ती शेवटी जोडा. उलट केलंत आणि धन बाजूवरचा पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, त्यामुळे काडी-सिगारेट लांबच. डोळ्यांना चष्मा हवा. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ओतला की आम्ल फसफसून मरतं, मात्र ते पाणी झाकणांतून आत जाता कामा नये. मग खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, कोरडं करून आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली वीज वाहून नेत नाही, ती फक्त हवा आणि ओल अडवते.

मामांनी दहाचा पाना शेवटचा अर्धा आटा फिरवला आणि सेल्फ मारला. मीटर ०.०४ वर थांबलं. इंजिन पहिल्याच फेऱ्यात धरलं.