कानाला कळलेली फ्रेंच जिभेवर का अडते?

भाषा शिकायची तर लहानपणीच, पंधरा-सोळाव्या वर्षी मेंदूचं दार बंद झालेलं असतं, हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की ते विज्ञान आहे असंच वाटू लागतं. अकरावी-बारावीच्या वयात फ्रेंचसारखी भाषा हाती घेणाऱ्या मुलामुलींचा उत्साह या एका वाक्याने मावळतो. हा समज मुळातून तपासायचा असेल तर कॅनडाकडे पाहावं. शाळेत दुसरी भाषा कशी रुजते याचा साठ वर्षांचा प्रयोग तिथे चालू आहे.

१९६५ साली माँट्रियलच्या समोर, सेंट लॉरेन्स नदीच्या पलीकडे असलेल्या सेंट-लँबर्ट गावात इंग्रजी भाषिक पालकांनी आग्रह धरून एक वेगळा बालवर्ग सुरू करून घेतला. मुलांची घरची भाषा इंग्रजी, पण शिकवणं पहिल्या दिवसापासून फ्रेंचमधून. मॅकगिल विद्यापीठातल्या वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मुलांची इंग्रजी खालावली नाही, गणितही नाही, आणि फ्रेंच मात्र नेहमीच्या भाषेच्या तासाला बसणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी पुढे गेली. या पद्धतीला इमर्शन म्हणतात. पुढे चौथी-पाचवीत किंवा थेट सहावी-सातवीत सुरू होणारे वर्गही निघाले. ऑंटारिओ प्रांतात आज इमर्शनच्या मुलांना आठवीअखेर किमान ३,८०० तास फ्रेंचमधून शिकवलेलं असावं लागतं. नववी ते बारावीत फ्रेंच भाषेचे चार अभ्यासक्रम आणि फ्रेंच माध्यमातले इतर विषयांचे सहा, असे दहा क्रेडिट मिळवावे लागतात. म्हणजे सोळा वर्षांची मुलगी इतिहास किंवा जीवशास्त्र फ्रेंचमध्ये शिकते आणि परीक्षाही त्याच भाषेत देते.

आता वयाचा प्रश्न. १९७८ साली कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागेल-होले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषिकांची डच वर्षभर तपासली. तीन वर्षांच्या बाळांपासून प्रौढांपर्यंत सगळे त्यात होते. सर्वांत वेगाने पुढे गेली ती बारा ते पंधरा वयोगटातली मुलं, आणि तीन ते पाच वर्षांची मुलं सगळ्यांत मागे होती. माँट्रियलमध्ये फ्रेड जेनेसी यांनाही असंच काहीसं आढळलं. सातवी-आठवी अशी दोनच वर्षं इमर्शनमध्ये काढलेली मुलं अनेक चाचण्यांत बालवर्गापासून शिकणाऱ्यांच्या जवळपास पोचत होती, तेही फार कमी तासांत. कारण सरळ आहे. मोठ्या मुलाला पेशी, क्रांती, व्याजदर या कल्पना आधीच्या भाषेत ठाऊक असतात. त्याला फक्त नवे शब्द जोडायचे असतात. टोरांटोच्या जिम कमिन्स यांनी याच मुद्द्यावर आपला सिद्धांत उभा केला: शालेय भाषेची खोलवरची क्षमता दोन्ही भाषांना सामायिक असते. उच्चारांच्या बाबतीत लहान वयाचा फायदा खरा आहे, आणि दीर्घ पल्ल्यात लवकर सुरुवात करणाऱ्यांचं पारडं जड राहतं. पण दार धाडकन बंद होतं असं कुठेही दिसत नाही.

मला या सगळ्यात सर्वाधिक ओढ लागली ती एका कोड्याची. इमर्शनच्या मुलांचं ऐकणं आणि वाचणं फ्रेंच भाषिकांच्या जवळ पोचतं. बोलणं आणि लिहिणं मात्र पोचत नाही. हजारो तास फ्रेंच ऐकूनही काही चुका तशाच राहतात, आणि त्यात चिवट चूक आहे नामाच्या लिंगाची.

मराठी माणसाला लिंग ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही, आपल्याकडे तर तीन आहेत. फ्रेंचमध्ये दोन: पुल्लिंगी नामापुढे 'ल' येतं, स्त्रीलिंगीपुढे 'ला'. इमर्शनची मुलं बऱ्याचदा सगळीकडे 'ल' लावून मोकळी होतात. हे 'ल' आणि 'ला' कानावर कसे पडतात ते जवळून पाहू. दोन्ही आघात नसलेले, इवलेसे. नाम स्वराने सुरू झालं की दोघांचाही स्वर गळून पडतो. 'लेकोल' म्हणजे शाळा, स्त्रीलिंगी. 'लार्ब्र' म्हणजे झाड, पुल्लिंगी. ऐकताना दोन्हींत नुसता ल. अनेकवचनात दोघांचंही 'ले' होतं. विशेषणावरून तरी कळेल म्हणावं, तर 'जोली' म्हणजे सुंदर हे विशेषण पुल्लिंगात आणि स्त्रीलिंगात लिहिताना वेगळं असलं तरी बोलताना एकच. म्हणजे शिक्षक दिवसभर फ्रेंच बोलले तरी लिंगाचा पुरावा त्यातल्या थोड्याच जागी असतो, आणि जिथे असतो तिथे तो अर्थाच्या दृष्टीने अनावश्यक असतो. चीज टेबलावर आहे एवढं कळायला 'ल' की 'ला' हे लक्षात घ्यावं लागत नाही. मेंदू अर्थाकडे धावतो आणि वाटेतलं व्याकरण सोडून देतो.

जन्मापासून फ्रेंच बोलणारा मात्र ते सोडत नाही. २००० साली देल्फीन दाहान आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच भाषिकांसमोर चित्रं ठेवून त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. 'बुतों' म्हणजे बटण, पुल्लिंगी. 'बुतेय' म्हणजे बाटली, स्त्रीलिंगी. दोन्हींची सुरुवात सारखी. लिंग न दाखवणाऱ्या 'ले'नंतर 'बुत...' एवढं कानावर आलं की नजर दोन्ही चित्रांकडे जायची. आधी 'ल' ऐकू आलं असेल तर बाटलीकडे ती वळायचीच नाही. ऐकणाऱ्याने पुढचा शब्द संपण्याआधीच अर्धे पर्याय बाद केलेले असतात. त्याच्यासाठी लिंग हे ऐकण्याचं हत्यार आहे, इमर्शनच्या मुलासाठी ती परीक्षेपुरती पाठ केलेली माहिती असते.

आणि लिंग पाठच करावं लागतं हेही पूर्ण खरं नाही. शब्दाच्या शेवटाकडे कान द्या. 'नासियों', 'स्तासियों' असे '-सियों'ने संपणारे शब्द स्त्रीलिंगी. 'फुर्शेत', 'बिसिक्लेत' स्त्रीलिंगी. 'शापो', 'बातो' पुल्लिंगी. 'व्हिलाज', 'फ्रोमाज' पुल्लिंगी, पण 'प्लाज' स्त्रीलिंगी. रॉय लिस्टर यांनी एका शालेय शब्दकोशातली जवळपास दहा हजार नामं तपासली, तेव्हा सुमारे ८० टक्के नामांचं लिंग शेवटावरून ओळखता येतं असं निघालं. नियम आहे, पण कुणी बोट दाखवल्याशिवाय तो ऐकू येत नाही.

टोरांटोच्या मेरिल स्वेन यांनी १९८५ साली यावर नेमकं बोट ठेवलं. समजून घेताना अर्थावर भागतं. बोलताना भागत नाही, कारण वाक्य बाहेर काढायचं तर 'ल' की 'ला' हे ठरवावंच लागतं, आणि त्या क्षणी आपल्याला काय येत नाही ते आपल्याच ध्यानात येतं. मग वर्गात काय होतं? मुलगा म्हणतो, 'ला फ्रोमाज ए स्युर ला ताब्ल.' बाई म्हणतात, 'वी, ल फ्रोमाज ए स्युर ला ताब्ल,' आणि पुढे जातात. चूक सुधारली, पण मुलाने ऐकलं ते 'वी', म्हणजे हो. बाईंचा होकार माहितीला होता की व्याकरणाला, हे त्याला कळायला मार्गच नाही. १९९७ साली लिस्टर आणि लैला रांता यांनी इमर्शनच्या वर्गांत मोजणी केली. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के याच प्रकारच्या होत्या, आणि त्यांना मुलांकडून सर्वांत कमी प्रतिसाद मिळत होता. त्याऐवजी बाई नुसतं 'ला फ्रोमाज?' म्हणून थांबल्या, तर मुलाला उत्तर स्वतःच्या स्मृतीतून ओढून काढावं लागतं. असं ओढून काढणं पुन्हा ऐकण्यापेक्षा स्मृती जास्त पक्की करतं. २००४ साली लिस्टर यांनी पाचवीच्या वर्गांत शब्दांच्या शेवटांकडे लक्ष वेधणारे धडे दिले, आणि त्याला अशा थांबून विचारण्याची जोड दिली तेव्हा लिंगाच्या चुका सर्वांत जास्त सुधारल्या.

म्हणूनच 'फक्त ऐकत राहा, भाषा आपोआप येईल' अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. झोपेत ऐकून भाषा शिकवणाऱ्या ध्वनिफितींचा दावा तर १९५६ सालीच निकालात निघाला आहे. चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स यांनी मेंदूचे विद्युत आलेख घेऊन पाहिलं, आणि खऱ्या झोपेत ऐकवलेलं सकाळी कुणालाच आठवलं नाही. जागेपणी शिकलेलं झोपेत पक्कं होतं, हे खरं आहे. ती वेगळी गोष्ट.

वरच्या वर्गांत आणखी एक अडचण उभी राहते. मधल्या सुट्टीत ही मुलं आपसात इंग्रजी बोलतात. आळस हे त्याचं कारण नाही. एलेन टॅरोन आणि स्वेन यांनी १९९५ साली दाखवलं की मुलांकडे शिक्षकांची आणि पुस्तकांची फ्रेंच असते. चिडवायची, भांडायची, मैत्रिणीशी कुजबुजायची फ्रेंच त्यांना कुणी दिलेलीच नसते. रेमाँ मुजाँ आणि सहकाऱ्यांनी ऑंटारिओच्या नववी आणि बारावीच्या इमर्शन विद्यार्थ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. 'आम्ही'साठी क्युबेक या कॅनडातल्या फ्रेंच भाषिक प्रांताचे लोक रोजच्या बोलण्यात जवळजवळ नेहमी 'ओं' म्हणतात, ही मुलं मात्र कितीतरी वेळा पुस्तकी 'नू' वापरत होती. फ्रेंच घरांत राहून आलेल्यांमध्ये 'ओं' जास्त आढळलं. कॅनडाच्या केंद्र सरकारच्या निधीतून चालणारा एक्सप्लोर नावाचा, ती भाषा बोलणाऱ्या वातावरणात राहून भाषा शिकण्याचा पाच आठवड्यांचा निवासी कार्यक्रम आहे. शक्य असेल त्या मुलांनी असं काही जरूर करावं, आणि तेही अकरावीच्या आसपास, म्हणजे परत आल्यावर ती फ्रेंच वापरायला शाळेचं वर्षभर तरी हाताशी राहतं.