गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा गंध येतो कोठून?

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात उन्हाळ्यात, उघड्यावरच्या बिअर-बागांमध्ये, अर्ध्या लिटरच्या उंच ग्लासातून जी गढूळ सोनेरी ‘हेफेवाइत्सन’ ही गव्हाची बिअर दिली जाते, तिच्या पहिल्याच घोटाला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा गंध जाणवतो. प्रत्यक्षात तिच्यात पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) आणि यीस्ट यांखेरीज काहीही घातलेले नसते.

ही किमया यीस्टची. लागर बिअरचे यीस्ट थंडीत काम करते, तर गव्हाच्या बिअरचे यीस्ट साधारण २० अंश सेल्सिअसला जोमाने वाढते आणि साखरेचा मद्यार्क करता करता आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हे संयुग तयार करते, जे पिकलेल्या केळ्यातही असते. लवंगेच्या गंधाची गोष्ट अधिक रंजक आहे. धान्याच्या पेशीभित्तिकांत फेरुलिक आम्ल असते. या यीस्टचे एक विकर (एन्झाइम) त्यातून कार्बन डायऑक्साइडचा रेणू वेगळा काढते आणि ४-व्हाइनिल ग्वायकॉल हा तिखटसर वासाचा पदार्थ उरतो. हे आम्ल अधिक मोकळे व्हावे म्हणून अनेक ब्रुअर भरडलेले माल्ट गरम पाण्यात भिजवताना तापमान काही काळ ४५ अंशांच्या आसपास ठेवतात. गंमत म्हणजे लागरमध्ये हाच वास आला, तर तो दोष ठरतो.

जर्मनीत या बिअरच्या माल्टमध्ये किमान निम्मा वाटा गव्हाचा असावा लागतो. गव्हातील भरपूर प्रथिनांमुळे फेस दाट होतो आणि टिकतो. गढूळपणा मात्र प्रथिनांइतकाच न गाळलेल्या यीस्टचाही असतो. जिभेला होणारी चुणचुण केवळ बुडबुड्यांची नसते, कारण विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे तोंडात कार्बनिक आम्ल होते आणि ते वेदना जाणवणाऱ्या चेतातंतूंना चाळवते. कडवटपणा कमी आणि ही चुणचुण जास्त, म्हणून उन्हात ती ताजीतवानी वाटते; तहान भागवायला मात्र पाणीच हवे, कारण मद्यार्काने लघवीचे प्रमाण वाढते.

चव नीट घ्यायची असेल, तर ती बर्फासारखी गार पिऊ नये. थंडीत गंधाचे रेणू हवेत कमी उडतात आणि केळे-लवंग दोन्ही लोपतात. ७-८ अंश पुरेसे होतात. बाटलीतील थोडी बिअर मागे ठेवून, ती हलक्या हाताने घोळवून तळाचे यीस्ट शेवटी ओतावे. लिंबाची चकती काही ठिकाणी हमखास लावतात, पण सालीतील तेलाने फेस बसतो आणि लिंबाचा वास लवंगेवर मात करतो, त्यामुळे ती बाजूला ठेवलेलीच बरी.