तारीख न घेतलेलं व्हाउचर आणि तारीख घेतलेलं बुकिंग: पैसे परत मागताना काय बदलतं

पॅराग्लायडिंग, रॅफ्टिंग, स्कूबा डायव्हिंग, बलूनमधली सफर, स्पा, एका दिवसाचा कुंभारकामाचा वर्ग अशा अनुभवांची व्हाउचर्स भेट म्हणून सर्रास दिली जातात. ती वापरायची वेळ आली नाही, किंवा वापरता आली नाहीत, की पैसे परत मागण्याचा प्रश्न उभा राहतो. पलीकडून बहुतेक वेळा एकच छापील उत्तर येतं: ‘व्हाउचरवर परतावा मिळत नाही.’ हे उत्तर कधी बरोबर असतं, कधी साफ चुकीचं. कोणतं ते ठरवायचं तर आधी आपल्या हातात नक्की काय आहे ते पाहावं लागतं. तारीख न घेतलेलं व्हाउचर आणि त्याच व्हाउचरवर केलेलं बुकिंग दिसायला सारखंच असतं. कोड तोच, ई-मेल तोच, बऱ्याचदा वेबसाइटही तीच. हक्काच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे व्यवहार आहेत.

व्हाउचर विकणारा तुमच्याकडून पैसे घेतो आणि अमुक मुदतीत अमुक अनुभव देण्याची हमी देतो. अजून कुणी तुमच्यासाठी जागा अडवून ठेवलेली नसते, बोटीत सीट धरलेली नसते, प्रशिक्षकाचा दिवस राखलेला नसतो. बुकिंग झालं की चित्र पालटतं. ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, तुमच्या नावाने एक जागा बाजूला काढली जाते आणि ती दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. तुम्ही आला नाहीत तर नुकसान कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर या क्षणापासून बदलतं.

युरोपीय संघाच्या ग्राहक कायद्यात हा फरक अगदी स्पष्ट दिसतो. 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार ऑनलाइन किंवा फोनवरून घेतलेली सेवा 14 दिवसांच्या आत कोणतंही कारण न देता रद्द करता येते. मात्र ठरावीक तारखेच्या किंवा ठरावीक कालावधीच्या मनोरंजन-सेवेला या हक्कातून वगळलेलं आहे. ब्रिटनच्या 2013 च्या नियमांतही तसंच आहे. मार्च 2022 मध्ये युरोपीय न्यायालयाने कार्यक्रमाच्या तिकिटांबद्दलच्या एका खटल्यात या अपवादामागचं कारण उलगडून सांगितलं: राखून ठेवलेली जागा ऐनवेळी रिकामी राहण्याचा आर्थिक धोका आयोजकावर पडू नये. जागा राखलेलीच नसेल तर हे कारणही उरत नाही. म्हणून तिथे तारीख न घेतलेलं, ऑनलाइन घेतलेलं व्हाउचर 14 दिवसांत परत करता येतं. त्यावर तारीख घेतली की विक्रेता ताबडतोब त्या अपवादाकडे बोट दाखवतो.

भेटवस्तूच्या बाबतीत इथे एक अडचण येते आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. सेवेच्या करारात हे 14 दिवस खरेदीच्या दिवसापासून मोजतात, लिफाफा उघडल्याच्या दिवसापासून नव्हे. वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी घेतलेलं व्हाउचर ज्याला मिळालं, त्याच्या हाती येईपर्यंत विनाकारण रद्द करण्याची मुदत उलटून गेलेली असते. विक्रेत्याने या हक्काची माहितीच दिली नसेल तर गोष्ट वेगळी. मग ही मुदत 12 महिन्यांपर्यंत वाढते. म्हणून खरेदीनंतर आलेला ई-मेल नीट वाचावा. त्यात रद्द करण्याच्या हक्काचा उल्लेख नसणं ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. आणि दुकानात समोरासमोर जाऊन घेतलेल्या व्हाउचरला हा 14 दिवसांचा हक्क मुळातच लागू होत नाही.

भारतात ऑनलाइन घेतलेल्या प्रत्येक सेवेसाठी असा सरसकट ‘मन बदललं’ हक्क नाही. विक्रेत्याने जे रद्दीकरण-धोरण जाहीर केलं असेल ते इथे महत्त्वाचं ठरतं. म्हणून पैसे भरण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. धोरणं बदलतात, आणि नंतर वाद झाला की तुमच्यासमोर नवं पान ठेवलं जातं. तरीही विक्रेत्याला मोकळं रान आहे असं नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, खरेदी पक्की झाल्यावर ग्राहकाने ती रद्द केली म्हणून त्याच्याकडून रद्दीकरण शुल्क घ्यायचं असेल, तर कंपनीने स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यावर तिनेही तसंच शुल्क सोसलं पाहिजे. ‘तुम्ही रद्द केलंत तर निम्मे पैसे गेले, आम्ही रद्द केलं तर फक्त दिलगिरी’ अशा एकतर्फी अटीवर या नियमाकडे बोट दाखवता येतं.

आतापर्यंतचं सगळं तुमचं मन बदलण्याबद्दल होतं. खरे वाद होतात ते सेवा मिळालीच नाही तेव्हा. इथे व्हाउचर आणि बुकिंग यांची जागा जवळजवळ उलटी होते.

बुकिंग असताना आयोजकाने ठरलेली तारीख रद्द केली, तर सिद्ध करायला फार काही लागत नाही. तारीख लेखी आहे, रद्द केल्याचा मेसेजही लेखी आहे. कोविडच्या काळात ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने 2020 मध्ये हीच भूमिका घेतली होती: सेवा दिली गेली नसेल तर ग्राहकाला परतावा मिळाला पाहिजे. क्रेडिट नोट किंवा दुसरी तारीख पर्याय म्हणून देता येईल, पण ग्राहकावर ती लादता येणार नाही. क्रेडिट नोट म्हणजे पुन्हा तारखेविनाचं व्हाउचरच. बुकिंगमुळे हाताशी आलेला पक्का पुरावा सोडून तुम्ही परत ‘कधीतरी देऊ’च्या रांगेत जाऊन बसता. त्यामुळे दूरध्वनीवर गोड आवाजात ‘सर, क्रेडिट टाकून देऊ का?’ असं विचारलं तर लगेच हो म्हणू नये.

हवामानाचा प्रश्न मात्र थोडा अवघड आहे. वारा जास्त असताना उड्डाण थांबवणं हा आयोजकाचा दोष नाही, उलट ते त्याचं कर्तव्यच आहे. अशा वेळी दुसरी तारीख देऊ असं अटींमध्ये आधीच लिहिलेलं असेल, तर पहिल्याच फेरीत पैसे परत मागून सहसा काही हाती लागत नाही. तसं मागणंही मला रास्त वाटत नाही. पण पुन्हा पुन्हा तारखा रद्द होत राहिल्या आणि तेवढ्यात व्हाउचरची मुदत संपली, तर ‘मुदत संपली’ हे उत्तर आयोजकाच्या तोंडी शोभत नाही. तुम्ही मुदतीत बुकिंग केलेलं असतं. सेवा झाली नाही ती तुमच्यामुळे नाही. म्हणून हवामानामुळे पहिली तारीख रद्द झाली की त्याच दिवशी मुदतवाढ लेखी मागून घ्यावी. वाढ मिळाली तर प्रश्न तिथेच संपतो. नकार आला तर तो नकारच पुढे पुराव्याचं काम करतो.

तारीख न घेतलेल्या व्हाउचरच्या बाबतीत सेवा नाकारली गेली हे सिद्ध करणं फार जड जातं, कारण कुणी स्पष्ट नकार देतच नाही. कॅलेंडर उघडलं की शनिवार-रविवार करडे दिसतात, पुढच्या महिन्यातले मधले वार तेवढे मोकळे असतात. फोन केला तर ‘सध्या उपलब्धता नाही, पुढच्या आठवड्यात बघा’. अटींमध्ये ‘उपलब्धतेनुसार’ हा एक शब्द असतो आणि त्याच्या आडून महिने निघून जातात. शेवटी मुदत संपते आणि ग्राहकालाही वाटू लागतं की चूक आपलीच, आपणच उशीर केला.

याला उपाय एकच, आणि तो साधा आहे: तारीख तोंडी मागायची नाही. असा एक ई-मेल लिहावा: ‘माझ्याकडे अमुक क्रमांकाचं व्हाउचर आहे. त्याची मुदत अमुक तारखेला संपते. मला खालीलपैकी कोणतीही एक तारीख हवी आहे. यांपैकी एकही शक्य नसेल तर मुदतीच्या आतली तुमच्याकडे उपलब्ध असलेली तारीख सात दिवसांत कळवावी. ती न मिळाल्यास सेवा देण्यास तुम्ही असमर्थ आहात असं मानून मी परताव्याची मागणी करेन.’ खाली वेगवेगळ्या आठवड्यांतल्या तीन-चार तारखा द्याव्यात, त्यांत मधला एखादा वारही असावा म्हणजे अडवणुकीचा आरोप तुमच्यावर येणार नाही. हा ई-मेल मुदत संपण्याच्या बराच आधी गेला पाहिजे. यामुळे ‘मुदत संपली’चा वाद ‘सेवाच दिली नाही’ या वादात बदलतो, आणि भारताच्या ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये त्याला सेवेतील त्रुटी म्हणून जागा आहे.

मुदतीबद्दल आणखी एक गोंधळ नेहमी दिसतो. आयर्लंडने 2019 च्या कायद्याने गिफ्ट व्हाउचरला किमान 5 वर्षांची मुदत सक्तीची केली. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर 2019 पासून, काही अपवाद वगळता, ती किमान 3 वर्षं आहे. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार प्रीपेड साधनांना (आधी पैसे भरून ठेवलेली कार्डं, वॉलेट) किमान एक वर्षाची मुदत असते, पण तो नियम बँकेच्या किंवा परवानाधारक कंपनीच्या, अनेक ठिकाणी चालणाऱ्या गिफ्ट कार्डांसाठी आहे. एखाद्या कंपनीने फक्त स्वतःच्या सेवेसाठी काढलेलं व्हाउचर त्या चौकटीत येत नाही. तिथे मुदत ठरवते ती कंपनीच, त्यामुळे ती खरेदीच्या वेळीच ठळकपणे सांगितली होती का, हा प्रश्न महत्त्वाचा होतो. शिवाय मुदतीचा अर्थही तपासावा लागतो. त्या तारखेपर्यंत बुकिंग करायचं आहे की अनुभव घेऊन मोकळं व्हायचं आहे? या दोन अर्थांत कित्येक महिन्यांचा फरक पडू शकतो.

पैसे कुणाकडे मागायचे, हेही बुकिंगमुळे बदलतं. व्हाउचर बहुधा एखादा मंच, म्हणजे अनेकांचे अनुभव विकणारी वेबसाइट किंवा ॲप, विकतो आणि प्रत्यक्ष अनुभव देणारा वेगळाच असतो. तारीख घेण्याआधी तुमचा व्यवहार मंचाशीच असतो. आयोजकाने धंदा बंद केला तर ती मंचाची अडचण, त्याने दुसरा आयोजक तरी द्यावा किंवा पैसे तरी. तारीख घेतल्यावर मंच ‘आता त्यांच्याशी बोला’ म्हणतो आणि आयोजक ‘पैसे आमच्याकडे आलेच नाहीत’ म्हणतो. अशा वेळी तक्रार दोघांनाही एकाच ई-मेलमध्ये पाठवावी. वेगवेगळं लिहिलं की दोघंही एकमेकांकडे पाठवत राहतात.

वजन, वय आणि आरोग्याच्या मर्यादा हा साहसी खेळांतला नाजूक भाग आहे. भेट मिळालेल्या माणसाला प्रत्यक्ष ठिकाणी, वजनकाट्यावर उभं राहिल्यावर कळतं की तो या उड्डाणात बसत नाही. ही मर्यादा खरेदीच्या पानावर स्पष्ट लिहिलेली असेल तर ती देणाऱ्याने पाहायला हवी होती, आणि तेव्हा परताव्यापेक्षा दुसऱ्या अनुभवात बदलून मागणं व्यवहार्य ठरतं. बुकिंग करण्याआधी हे कळलं तर बदल सहज होतो, कारण अजून कुणाची जागा अडलेली नसते. पण मर्यादा फक्त बुकिंगनंतरच्या ई-मेलमध्ये तळाला आली असेल, तर आवश्यक माहिती लपवून विक्री झाली असं म्हणता येतं. त्या स्थितीत पूर्ण रक्कम मागायला अजिबात संकोच करू नये.

आता पैसे भरणारा एक आणि उपभोग घेणारा दुसरा, हा भेटवस्तूचा मूळ पेच. परतावा सहसा ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात जातो, म्हणजे देणाऱ्याच्या. कार्डवरची रक्कम परत मिळवण्यासाठी बँकेकडे वाद नोंदवायचा तर तोही कार्डधारकालाच नोंदवावा लागतो, आणि त्यालाही मुदत असते. सेवेबद्दल तक्रार करण्याचा हक्क मात्र भेट मिळालेल्यालाही आहे. भारताच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘ग्राहक’ या व्याख्येत, पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही येते. ‘तुम्ही खरेदी केलेली नाही, तुमच्याशी बोलणार नाही’ असं कस्टमर केअरने सांगितलं तर हे ठामपणे सांगावं. नातेसंबंधांमुळे अनेकजण देणाऱ्याला कळवायलाच संकोचतात आणि भेट वाया जाऊ देतात. माझं मत स्पष्ट आहे: कळवावं. त्याचे कष्टाचे पैसे अडकलेले असतात, आणि खरेदीची पावती त्याच्याकडेच असते.

भारतात तक्रारीची वाट दोन्ही प्रकारांत सारखीच आहे. ऑनलाइन विक्रेत्याकडे तक्रार निवारण अधिकारी असणं बंधनकारक आहे. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निकाल लावायचा. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेत्याच्या शहरात जावं लागत नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल व्हायला हवी. बुकिंगच्या बाबतीत ही दोन वर्षं कधीपासून मोजायची यावर सहसा वाद होत नाही, तारीख रद्द झाली तो दिवस नोंदलेला असतो. तारीख न घेतलेल्या व्हाउचरच्या बाबतीत तो दिवस नोंदवण्याचं काम तुमच्या त्या तीन-चार तारखांच्या ई-मेलला करावं लागतं, म्हणून तो पाठवल्याची प्रत आणि आलेलं उत्तर, दोन्ही जपून ठेवा.