सॅलड हलकं केलं की अननस का उलटतो?

‘अननस चरबी वितळवतो’ हा संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो. तो वाचून क्रीमऐवजी दही घालून हलकं फ्रूट सॅलड करायला घेतलं, की त्यात अननस पडतोच. मग थोड्या वेळाने तळाशी पाणी साचतं, दही पातळ होतं आणि चवीला कडवटपणा येतो. बोल दह्याला लागतो. खरं तर अननसाने आपलं काम चोख केलेलं असतं, पण ते चरबीवर नाही, प्रथिनांवर!

आधी हलकं म्हणजे किती हलकं, ते पाहू. फेटायच्या क्रीममध्ये साधारण ३५ टक्के स्निग्धांश असतो. २०० ग्रॅम क्रीममध्ये ७० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला ९ या हिशेबाने ६३० कॅलरी नुसत्या स्निग्धाच्या. त्याऐवजी कमी स्निग्धांशाच्या दुधाचं दही फडक्यात टांगून १५० ग्रॅम चक्का घ्यावा आणि त्यात ५० ग्रॅम क्रीम मिसळावं. स्निग्ध २० ते २२ ग्रॅमवर येतं. क्रीम अजिबात वगळू नये असं माझं मत आहे. सुगंधाचे बरेच रेणू स्निग्धात विरघळतात आणि तोंडात सावकाश सुटतात. नुसत्या चक्क्याचं सॅलड सपक लागतं. साखरेऐवजी मध घालून मात्र काही हलकं होत नाही. मधात सुमारे ८० टक्के साखराच असतात.

हा बदल करताना आपण आणखी एक गोष्ट बदलतो, आणि ती लक्षात येत नाही. फेटलेल्या क्रीमला स्निग्धाचे गोलक उभं धरतात: ते एकमेकांना अर्धवट चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती कडं करतात. दह्याला उभं धरतं ते केसीन हे प्रथिन. दुधात केसीनचे बारीक पुंजके तरंगत असतात, बहुतेक १०० ते २०० नॅनोमीटरचे. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, शिवाय कॅपा-केसीन या केसीनच्याच एका प्रकाराचे केसासारखे धागे बाहेर आलेले असतात, म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ६.६ वरून ४.६ च्या आसपास उतरतो, विद्युतभार जवळजवळ नाहीसा होतो आणि पुंजके एकमेकांना धरून साखळ्या करतात. या साखळ्यांच्या जाळ्यात पाणी अडकून राहतं. घट्ट दही म्हणजे बव्हंशी पाणीच, फक्त कोंडलेलं.

आता या जाळ्यात ताज्या अननसाची फोड टाका. अननसात ब्रोमेलेन, किवीत अ‍ॅक्टिनिडिन आणि पपईत, विशेषतः कच्च्या पपईच्या चिकात, पपेन. प्रथिनं कापणारे हे तिन्ही विकर (एन्झाइम) एकाच घराण्यातले. त्यांच्या कार्यस्थानी, म्हणजे कापण्याचं काम होतं त्या जागी, सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं. शेजारचं हिस्टिडीन हे दुसरं अमिनो आम्ल त्याच्या गंधकाकडून प्रोटॉन काढून घेतं. असा मोकळा झालेला गंधक प्रथिनातल्या अमिनो आम्लांना जोडणाऱ्या पेप्टाइड बंधाच्या कार्बनवर चालून जातो आणि बंध तुटतो. तुटलेला एक तुकडा काही क्षण गंधकालाच चिकटलेला असतो. मग पाण्याचा रेणू येऊन त्याला सोडवतो, आणि विकर जसाच्या तसा पुढच्या बंधाकडे वळतो. तो खर्च होत नाही, म्हणून थोडासा रसही पुरतो.

चीज करताना वापरतात तो कायमोसिन हा विकरही केसीन कापतो. पण तो मुख्यतः कॅपा-केसीनमधला १०५ आणि १०६ क्रमांकांच्या अमिनो आम्लांमधला एकच बंध तोडतो, त्यामुळे बाहेरचे धागे गळून पुंजके उलट एकत्र येतात. फळांमधले विकर इतके निवडक नाहीत, ते जागोजागी कापतात. जाळं ढासळतं, कोंडलेलं पाणी सुटतं. केसीनमधले ल्युसीन, फिनिलअ‍ॅलॅनीन यांसारखे पाण्याशी न जमणारे भाग लहान तुकड्यांमधून उघडे पडतात आणि जिभेवरच्या कडू चवीच्या ग्राहींना जाऊन भिडतात. कडवटपणा तिथून येतो. तो विषबाधेचा पुरावा नव्हे.

क्रीममध्ये प्रथिनं जेमतेम २ टक्के असतात आणि त्याचा घट्टपणा मुख्यतः स्निग्धाच्या भरवशावर असतो. स्निग्धाच्या रेणूत पेप्टाइड बंधच नसतो, मग ब्रोमेलेन कापणार काय? ‘चरबी वितळवणाऱ्या’ अननसाची कथा इथेच संपते.

उपाय सोपा आहे. अननसाच्या फोडी त्यांच्याच रसात काही मिनिटं चांगल्या उकळून पूर्ण गार कराव्यात. उष्णतेने विकराची घडी मोडते आणि गार झाल्यावर ती परत बसत नाही. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, तो थेट चालतो. गोठवून काम भागत नाही, थंडीत विकर फक्त मंदावतो. लिंबू पिळण्याचाही इथे उपयोग नाही. ते सफरचंद आणि केळं काळं पडू नये म्हणून ठीक. किवी उकळली तर तिचा रंग आणि पोत दोन्ही जातात, तेव्हा ती वाढताना वरून घालावी. पिवळ्या गराच्या काही वाणांत अ‍ॅक्टिनिडिन फारच कमी असतं, ते सापडले तर उत्तम.

अननस नसतानाही पाणी सुटतं, त्याला परासरण जबाबदार. साखर कापलेल्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढते. म्हणून साखर फळांवर न भुरभुरवता चक्क्यात फेटावी, फळं कोरडी करून घ्यावीत आणि दोन्ही अगदी शेवटी एकत्र करावीत. द्राक्षं लहान असतील तर कापूच नयेत. साल शाबूत असली की पाणी आतच राहतं.