श्वासानेही झिजणारा वारसा

फ्रान्समधल्या लास्को गुहेच्या भिंतींवर रंगवलेले बैल, घोडे आणि हरणं हजारो वर्षं अंधारात सुखरूप होती. १९४० साली चार मुलांना ही गुहा सापडली, १९४८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि १९६३ मध्ये तिला कुलूप लावावं लागलं. चित्रांना कुणी हात लावला नव्हता. दिवसाला हजारावर माणसं आत येत होती, डोळे भरून पाहत होती आणि श्वास घेत होती, एवढंच.

उच्छ्वासातली वाफ थंड भिंतीवर जमते. पाण्याच्या त्या पातळ थरात कार्बन डायऑक्साइड विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं आणि ते भिंतीची चुनखडी हळूहळू विरघळवू लागतं. पुढे तो वायू हवेत निघून गेला की विरघळलेलं कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा घट्ट होतं आणि चित्रावर पांढरट पापुद्रा धरतो. त्यात दिव्यांच्या उजेडावर हिरवं शेवाळ वाढलं. गुहा बंद केल्यानंतरही दुखणं संपलं नाही. २००१ मध्ये आत बुरशी पसरली. १९८३ पासून पर्यटकांना हुबेहूब प्रतिकृती दाखवतात. काहींना ती फसवणूक वाटते. मला मात्र त्यात मूळ चित्रांविषयीचा खरा आदर दिसतो. १९९४ मध्ये सापडलेली शोव्हे ही फ्रान्समधलीच चित्रांची गुहा तर लोकांसाठी कधी उघडलीच नाही.

१९७२ च्या जागतिक वारसा करारानंतर १९७८ मध्ये जी पहिली बारा स्थळं जागतिक वारसा यादीत आली, त्यांत पोलंडमधली व्येलिच्का ही मिठाची खाण होती. खाणकामगारांनी जमिनीखाली मिठातच मूर्ती आणि प्रार्थनागृहं कोरली आहेत. इथे दमट हवाच वैरी ठरली. मीठ ओलावा ओढून घेतं आणि मूर्तींचे नाक-डोळे पुसट होत जातात. १९८९ मध्ये ही खाण धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेली. हवेतला ओलावा काढणारी यंत्रणा बसली आणि १९९८ मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली. असं क्वचितच घडतं, म्हणून ते आवर्जून सांगायला हवं.

गुहेचं दार लावता येतं, खाणीतली हवा कोरडी करता येते. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफचं काय करणार? सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेली ही प्रवाळरांग १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं आणि बराचसा वाटा प्रवाळाला देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा जेमतेम एक अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाणी असं तापण्यामागे, लास्कोसारखंच, मूळ कारण कार्बन डायऑक्साइडच आहे, फक्त तो साऱ्या जगाच्या इंधनाच्या धुरातून आलेला. पाणी वेळेवर निवलं तर शैवाल परत येतं आणि प्रवाळ सावरतं. २०१६ आणि २०१७ असे सलग दोन उन्हाळे मात्र त्याला ती उसंतच मिळाली नाही.