टाइलखालची तार आणि मल्टिमीटरचे तीन आकडे

जानेवारीत टोरंटोच्या किंवा न्यू जर्सीच्या घरात बाथरूमची टाइल तळव्याला झोंबते, पण शेजारच्या खोलीतली लाकडी जमीन झोंबत नाही. दोन्हींचं तापमान तेच असतं, समजा २० अंश सेल्सिअस. फरक पडतो तो तळव्यातली उष्णता किती झपाट्याने ओढली जाते याने. टाइल लाकडाच्या कितीतरी पट चांगली उष्णतावाहक आहे. तिच्यावर पाय पडताच त्वचेचा पृष्ठभाग साधारण २४ अंशांपर्यंत उतरतो, लाकडावर तो २७ च्या आसपास राहतो. मात्र खालून तापवायचं ठरवलं तर टाइलचा हाच अवगुण कामाला येतो, कारण ती उष्णता अडवून धरत नाही.

टाइलखाली घालायची ती विजेने तापणारी साधी रोधक तार. सगळा हिशेब ओहमच्या नियमात बसतो. बाथरूम ६० चौरस फुटांचं असेल तर टब, कमोड आणि बेसिनखालचं कपाट वगळून तापवायला साधारण ४० चौरस फूट उरतात. चौरस फुटाला १२ वॅट धरले की ४८० वॅट झाले. अमेरिका-कॅनडातल्या १२० व्होल्टवर म्हणजे ४ अँपिअर प्रवाह, आणि तारेचा रोध ३० ओहम. हा ३० चा आकडा पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहे.

कपाटाखाली तार का न्यायची नाही? तार आपल्या वर काय ठेवलंय ते पाहत नाही, फुटामागे ठरलेले वॅट देतच राहते. वरून उष्णता निसटली नाही तर तिथलं तापमान चढत जातं. जाड रबरी पाठीच्या पायपुसण्याखालीही हेच होतं. कमोडच्या मेणाच्या रिंगपासून सहा इंच आणि भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर सोडायचं.

तार कापून आखूड करता येत नाही. अर्धी कापली तर रोध १५ ओहम, प्रवाह ८ अँपिअर आणि शक्ती ९६० वॅट, तीही निम्म्या लांबीत. म्हणजे फुटामागे चौपट उष्णता. मॅट, म्हणजे जाळीवर आधीच बसवलेली तार, घेतली असेल तर वळवण्यासाठी फक्त जाळी कापायची, तार नाही. म्हणून माल मापापेक्षा किंचित कमीच घ्यावा. व्होल्टेजचंही तसंच आहे. २४० व्होल्टची तार १२० वर जोडली तर उष्णता पावपट मिळते, उलट केलं तर चौपट. तिकडून १२० व्होल्टची मॅट बॅगेत घालून महाबळेश्वरच्या घरासाठी आणायचा विचार असेल तर तो सोडा. आपल्या २३० व्होल्टवर ती जवळजवळ पावणेचारपट तापेल.

तारेच्या खाली काय आहे, यावर निम्मं यश ठरतं. जमिनीला टेकलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर थेट तार टाकली तर उष्णतेचा मोठा वाटा स्लॅबच पितो आणि टाइल कोमट व्हायला कित्येक तास लागतात. मध्ये टाइलखाली चालणारा सहा मिलिमीटरचा दाट फोमबोर्ड चिकटवला की तेच काम अर्ध्या-एक तासावर येतं. हा खर्च वाचवणाऱ्यांचीच पुढे ‘हीटर चालत नाही’ अशी तक्रार असते. प्लायच्या जमिनीवर अडचण वेगळी: जमीन लवचीक असेल तर टाइलचे सांधे तडकतात, म्हणून आधी ती घट्ट करून घ्यायची.

तारेच्या फेऱ्यांत साधारण तीन इंच अंतर, पण शेवटचा शब्द त्या मालाच्या पत्रकाचा. तार स्वतःला कुठेही ओलांडता किंवा शिवता कामा नये. तिथे दुप्पट उष्णता साचून इन्सुलेशन जळतं. गरम तार आणि तिला वीज पुरवणारी, स्वतः न तापणारी थंड तार जोडणारा कारखान्यातला सांधा भिंतीच्या पोकळीत जाऊ द्यायचा नाही, तो जमिनीवरच्या सिमेंटच्या मसाल्यातच पुरायचा. तो जाड असतो, त्यामुळे त्याच्यापुरती खाच काढावी लागते. तापमानाचा सेन्सर दोन फेऱ्यांच्या बरोबर मध्ये, आणि शेजारी एक जास्तीचा पुरून ठेवावा. पुढे पहिला बिघडला तर फरशी फोडावी लागत नाही. बहुतेक सेन्सर २५ अंशांना १० किलो-ओहम दाखवतात.

आता मल्टिमीटर. रोध तीनदा मोजायचा: खोक्यातून काढल्यावर, तार पसरून झाल्यावर, आणि टाइल बसल्यावर. सहसा उणे ५ ते अधिक १० टक्के फरक चालतो, म्हणजे आपल्या उदाहरणात २८.५ ते ३३ ओहम. अनंत दाखवलं तर तार तुटली, फारच कमी दाखवलं तर आत शॉर्ट आहे. आतली तार आणि बाहेरचं धातूचं वेष्टन यांच्यात मात्र अनंतच दिसायला हवं. ही दुसरी तपासणी करताना मीटरची टोकं बोटांनी धरली तर शरीराचाच रोध मोजला जातो आणि चांगली तार खराब ठरते. बारीक चीर साध्या मीटरला दिसत नाही. त्यासाठी मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर, लागतो.

बहुतेक तारा गवंड्याच्या दातेरी थापीने मरतात. प्लास्टिकची थापी वापरावी, किंवा आमच्या मते त्याहून बरं म्हणजे आधी तारेवर आपोआप सपाट होणारा सिमेंटचा पातळ थर ओतावा आणि तो वाळल्यावर टाइल लावावी. तार चहूबाजूंनी मसाल्यात बुडाली पाहिजे. हवेचा कप्पा राहिला तर तिथे उष्णता वाहून जात नाही आणि तार तेवढ्याच जागी अति तापते. डब्यातलं तयार चिकट मॅस्टिक इथे चालत नाही, पॉलिमरयुक्त सिमेंटचं अ‍ॅडहेसिव्हच हवं.

टाइल बसली की लगेच बटण दाबू नये. सिमेंट कडक होतं ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने. घाईने तापवलं तर पाणी उडून जातं, थर कमकुवत होतो आणि तडे जातात. अनेक उत्पादक २८ दिवस थांबायला सांगतात.

जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच. अमेरिकी नियमांनुसार बाथरूममधल्या अशा तारेला वीजगळतीपासून संरक्षण हवंच. ते बहुतेकदा थर्मोस्टॅटमध्येच (फरशीचं तापमान पाहून तार चालू-बंद करणाऱ्या यंत्रात) असतं आणि ५ मिलिअँपिअरच्या आसपासच्या गळतीला वीज तोडतं. १५ अँपिअरच्या सर्किटवर सतत चालणारा भार १२ अँपिअरच्या वर नेत नाहीत.

याने खोली तापेल का? फरशी २८ आणि हवा २० अंश असेल तर चौरस मीटरला सुमारे ८८ वॅट बाहेर पडतात, म्हणजे आपल्या ४० चौरस फुटांतून जेमतेम सव्वातीनशे. दोन बाहेरच्या भिंती आणि मोठी खिडकी असेल तर हे पुरत नाही, रेडिएटर राहू द्यावा. फरशी हवी तितकी तापवून ही उणीव भरता येत नाही. युरोपीय मानक बाथरूमच्या फरशीला ३३ अंशांची मर्यादा घालतं. वीज मात्र फार लागत नाही. दिवसाला तीन तास पूर्ण क्षमतेने चालली तरी दीड युनिटच्या आत.

टाइल लावण्याआधी पसरलेल्या तारेचे फोटो काढा, भिंतीपासूनची अंतरं दिसतील अशी टेप शेजारी ठेवून. कमोड बसवताना किंवा दाराचा थांबा ठोकताना ड्रिल कुठे चालवायचं नाही ते त्यावरून कळतं. तरीही तार तुटलीच तर थर्मल कॅमेरा आणि केबलमधला दोष शोधणारं यंत्र घेऊन कारागीर जागा हुडकतो, एखाद-दोन टाइल फोडून जोड देतो. त्या दोन टाइल त्याच बॅचच्या बाजूला ठेवलेल्या असाव्यात, कारण पुढच्या बॅचची छटा जुळेलच असं नाही.