मिनिटाला सहा श्वास आणि एक वही

योगवर्ग लावून तीन महिने झालेल्या माणसाला विचारा, काही फरक पडला का? ‘बरं वाटतं’ यापलीकडे सहसा उत्तर मिळत नाही. वजन काट्यावर दिसतं, साखर तपासणीच्या अहवालात दिसते. पण मन निवळलं का, चित्त थाऱ्यावर राहू लागलं का, हे कुठं बघायचं? श्वास, नाडी आणि एक साधी वही यांतून ते बऱ्यापैकी दिसतं.

श्वासच का, तर हृदयाचे ठोके आणि पचन आपल्या हुकमावर चालत नाहीत, श्वास मात्र दोन्हीकडून चालतो. झोपेत तो आपोआप होतो आणि मनात आणलं तर आपण म्हणू तसा होतो. त्याचा ठेका मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतला पेशींचा एक छोटा पुंजका धरतो. २०१७ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात या पुंजक्यातल्या काही पेशी मेंदूला सावध ठेवणाऱ्या केंद्राशी जोडलेल्या आढळल्या. त्या पेशी काढून टाकल्यावर उंदीर एरवीपेक्षा बराच जास्त वेळ शांत राहू लागले. माणसाचं सगळंच यावरून ठरत नाही, पण श्वास आणि घबराट यांच्यात खरोखरीची तार आहे एवढं कळतं.

ही तार बोटांनाही लागते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठा ठेवू नका, त्याची स्वतःची नाडी मध्ये येते. आता सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास आत जाताना ठोके जवळजवळ पडतात, सोडताना लांबतात. तरुण माणसात हा फरक सहज कळतो, वयाबरोबर तो कमी होत जातो. श्वास सोडताना हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस नसेचा जोर वाढतो, म्हणून असं होतं.

याच्या जोडीला शरीरात रक्तदाबाचा एक पहारा असतो. गळ्यातल्या आणि हृदयालगतच्या मोठ्या रोहिण्यांमधले संवेदक दाब वाढला की मेंदूला कळवतात, मेंदू ठोके कमी करतो, दाब उतरतो. या फेऱ्याला साधारण १० सेकंद लागतात. एक श्वासही १० सेकंदांचा झाला, म्हणजे मिनिटाला सहा, की दोन्ही लयी जुळतात आणि ठोक्यांची चढउतार सर्वांत मोठी होते. नेमका आकडा माणसागणिक साडेचार ते सातच्या आसपास असतो.

२००१ साली इटलीतल्या संशोधकांनी २३ जणांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुं’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आला. दोन वेगळ्या धर्मांतल्या पाठांनी शरीराला एकाच लयीवर आणलं, ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. घरात रामरक्षा किंवा हरिपाठ होत असेल तर पाठ चालू असताना एका मिनिटात किती वेळा श्वास घेतला जातो ते मोजून बघा. भरभर उरकलेला पाठ आणि संथ पाठ यांत केवढा फरक पडतो ते लगेच दिसेल.

दीर्घ श्वासाने ‘ऑक्सिजन वाढतो’ हे मात्र मनातून काढून टाकावं. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन एरवीही ९५ टक्क्यांहून जास्त भरलेलं असतं. हिशेब असा: दर श्वासातली सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकेतूनच परत जाते. मिनिटाला १५ श्वास, प्रत्येकी ५०० मिलिलिटर, म्हणजे साडेसात लिटर. त्यातली सव्वादोन लिटर वाया, उपयोगी सव्वापाच. सहा श्वास, प्रत्येकी एक लिटर, तर सहा लिटर; वाया फक्त ९०० मिलिलिटर, उपयोगी ५.१ लिटर. म्हणजे श्वास निम्म्याहून कमी झाले तरी शरीराचं काम जवळपास तेवढंच भागतं.

नवशिक्यांची चूक इथंच होते. ‘खोल’ म्हणजे ‘छाती फुटेस्तोवर’ असं समजून ते दर वेळी दीड लिटर ओढतात. मग उपयोगी हवा आठ लिटरांवर जाते, गरजेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं, ओठांना, बोटांना मुंग्या येतात. काही जणांना ही साधनेची खूण वाटते. ती अतिश्वसनाची खूण आहे. अशा वेळी मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा.

करायचं ते असं. जेवणानंतर दोनतीन तासांनी, खुर्चीत पाय जमिनीला टेकवून बसा. एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर. खालचा हात हलला पाहिजे, वरचा जवळपास स्थिर. नाकानेच श्वास घ्या, चार आकडे आत आणि सहा आकडे बाहेर. आकडा सेकंदकाट्यावर जुळवून घ्या, कारण घाईत मोजलेले दहा आकडे सहा सेकंदांतही संपतात. सहाला दम लागत असेल तर पहिला आठवडा तीन आत, चार बाहेर. सुरुवात पाच मिनिटांनी, मग दहा. खांदे वर चढत असतील तर हवा जास्त ओढली जातेय. सोडताना शेवटी पोट ढकलावं लागत असेल तर बाहेरचा आकडा एकने कमी करा. श्वास रोखून धरणं, म्हणजे कुंभक, रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर करू नये. रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

आता वही. योगसूत्रांत प्राणायाम देश (म्हणजे श्वासाची जागा), काल आणि संख्या यांनी पारखावा असं सांगितलं आहे, आणि स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं तेही योग प्रयोगशाळेत तपासण्यासाठीच. वहीत पाच रकाने पुरेत. सकाळी अंथरुणातच, चहाआधी, नाडी पूर्ण मिनिटभर. विश्रांतीतले श्वास: हे स्वतः मोजायला गेलं की श्वास लगेच बदलतो, म्हणून घरातल्या कुणाला तरी तुमची नाडी बघतोय असं दाखवून गुपचूप श्वास मोजायला सांगा, दवाखान्यात परिचारिका हेच करतात. आठवड्यातून एकदा पुरे. तिसऱ्या रकान्यात झोपेचे तास. चौथ्यात, साधना करताना मन किती वेळा भटकलं. पाचवा सर्वांत मोलाचा: दिवसभरात चिडलात किंवा धास्तावलात, तर पूर्ववत व्हायला किती मिनिटं लागली.

रोजच्या आकड्यांवरून काही ठरवू नका. एक जागरण झालं, थोडा ताप आला तरी नाडी चढते. आठवड्याची सरासरी काढा आणि पहिल्या आठवड्याशी ताडून बघा. चौथा रकाना सुरुवातीला बहुधा वाढतो. मन जास्त भटकतंय म्हणून नव्हे, तर भटकणं आता लक्षात येतंय म्हणून. बरेच जण इथं निराश होऊन सोडून देतात. लंडनच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा खाडा झाला तर त्या तारखेपुढे रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मिनिटं बसा. दोन महिन्यांनी नाडी होती तिथंच असेल, पण पाचव्या रकान्यातली ४० मिनिटं १५ वर आली असतील, तर तुमची साधना कामी येते आहे. तो आकडा घरच्यांनाही दाखवा. तुम्ही लिहिलेला आणि त्यांना जाणवलेला वेळ किती जुळतो, हेही त्याच पानावर नोंदवा.